बिनकुलपाच्या पेट्या

मला कुंकू लावलं ते कान साफ करायच्या काडीने.

गेल्या वर्षीची संक्रांत. सोसायटीच्या हॉलमध्ये हळदीकुंकू होतं आणि पहिल्यांदाच सी विंगला बोलावणं आलं होतं. सी विंग म्हणजे आम्ही. नदीकाठून उठवून आणलेले. ए आणि बी विंगच्या बायका खुर्च्यांवर बसल्या होत्या. आमच्यासाठी सतरंजी होती. ठीक आहे. सतरंजीची आम्हाला सवय आहे.

वर्षाताई कुंकू लावत होत्या. त्या सोसायटीच्या सेक्रेटरी. खुर्च्यांवरच्या बायकांना त्यांनी बोटाने लावलं. करंड्यात बोट, कपाळावर बोट, वर हसून दोन शब्द. आमची रांग आली तशी त्यांनी टेबलावरची प्लास्टिकची डबी उघडली. दोन्ही टोकांना कापूस असलेल्या काड्या. एक टोक हळदीत, दुसरं टोक कुंकवात. हात लांब करून कपाळाला टेकवायची आणि खालच्या डस्टबिनमध्ये टाकायची. दर बाईला नवी काडी.

मला वाटलं, सर्दीतापाची साथ असेल. माणूस पहिल्यांदा समोरच्यासाठीच कारण शोधतो. तेवढ्यात बी विंगची एक बाई धापा टाकत आली. उशीर झाला म्हणाली. वर्षाताईंनी काडी बाजूला ठेवली, तिला बोटाने कुंकू लावलं, आणि बोट रुमालाला पुसून पुन्हा काडी उचलली. माझ्यासाठी.

मग वाण. खुर्च्यांना तांब्याची फुलपात्रं. सतरंजीला निळी पिशवी. पिशवीत फिनेलची बाटली आणि संडास घासायचा ब्रश. ब्रशला लाल रिबन बांधली होती. कोणीतरी बसून एकेका ब्रशला रिबन बांधली असणार. ते मला अजून डोळ्यांसमोर येतं.

माझ्या शेजारी पारूआत्या बसली होती. आमच्या मजल्यावरची म्हातारी, नवरा अंथरुणाला खिळलेला. तिने बाटली फिरवून फिरवून बघितली.

"ह्ये काय गं?"

"फिनेल."

"पियाचं का लावायचं?"

सतरंजीवर हसू फुटलं. वर्षाताईंना ऐकू गेलं. त्याही हसल्या. म्हणाल्या, "तुम्हाला रोजच्या वापरातलं दिलंय हो. शोपीस घेऊन तुम्ही काय करणार?"

मागच्या खुर्चीवरून कोणीतरी म्हणालं, "वास तरी जाईल."

आता खुर्च्या हसल्या. तोंडावर हात ठेवून.

मी पिशवी घेतली. "थँक्यू ताई" म्हणाले. हे मी म्हणाले. कोणी म्हणायला लावलं नव्हतं.

घरी येऊन पिशवी मोरीत ठेवली आणि आरशात बघितलं. कुंकू कपाळाच्या मधोमध नव्हतं. एका भुवईवर घसरलेलं होतं. लांबून लावल्यावर असंच होणार.

मी मानपाड्याला एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. वीस-बावीस बायका माझ्या हाताखाली असतात. कोण कोणत्या पाळीत, कोण कोणत्या मशीनवर, कोणाचं पोर आजारी, कोणाला लवकर सोडायचं, हे सगळं मी लिहून ठेवते. यादीशिवाय मला सुचत नाही. घरीही तेच. आमच्या विंगमध्ये घरात संडास नाहीत. मजल्यावर सहा खोल्या, पॅसेजच्या टोकाला तीन संडास आणि दोन न्हाण्या, सगळ्यांच्या सामायिक. पाणी मोजून येतं. मी पहिल्याच आठवड्यात पाळ्या लावल्या. कोणी कधी घासायचं, बादल्या कोणी भरायच्या. भिंतीला कागद चिकटवला. आमच्या मजल्यावरच्या संडासात बसून जेवा म्हटलं तर जेवता येईल. पाहुणी आली की पारूआत्या तिला आधी संडास दाखवते, मग चहा विचारते.

आणि आम्हाला ब्रश.

घाण मला कोणी शिकवू नये. मी लग्न होऊन आले ती वालधुनीच्या काठावर. नदी म्हणतात, पण आमच्याइथे तिचा नाला झालेला. पाणी एक दिवस हिरवं, एक दिवस जांभळं, वरच्या कारखान्यांनी जो रंग सोडला असेल तो. पावसात ती घरात यायची. भिंतीला हळदीची बोटं लावावीत तशा दर वर्षीच्या पाण्याच्या रेघा होत्या आमच्या घरात, एकावर एक. पाणी गेलं की गुडघाभर गाळ उरायचा. काळा, तेलकट. त्यात काय नसायचं? इंजेक्शनच्या सुया, बायकांची कापडं, मेलेलं डुक्कर, आणि लोकांनी फ्लश करून टाकलेलं सगळं. त्या लोकांचं. मजल्यांवर राहणाऱ्यांचं. ते मी हाताने उपसलेलं आहे. ग्लोव्ह नाही, काही नाही. पातेल्याने भरायचं आणि दाराबाहेर फेकायचं. उलटी आली की बाजूला करायची आणि परत पातेलं हातात. म्हणून सांगते, किळस म्हणजे काय ते मला माहीत आहे. गाळाची किळस अंगावरून पाणी घेतलं की जाते. त्या काडीची गेली नाही.

आम्ही इथे कसे आलो तेही सांगते. नदीकाठची घरं हटवायची ठरलं. बिल्डरला ए आणि बी विंग उंच बांधायला परवानगी हवी होती. त्या बदल्यात त्याने मागे तिसरी विंग आमच्यासाठी बांधून दिली. प्लॉट एक, सोसायटी एक, बाग एक, हॉल एक. पार्किंगच्या वर, तिन्ही विंगच्या मध्ये हॉल. त्याच्या दारावर काळ्या दगडात सोनेरी अक्षरात लिहिलंय: सर्व रहिवाशांसाठी. चावी मिळाली त्या दिवशी आम्ही पुढच्या गेटने आत आलो होतो. फोटो काढले होते आमचे. पुढच्या महिन्यात मध्ये भिंत उभी राहिली. आमच्यासाठी मागचं गेट, कचऱ्याच्या डब्यांच्या आणि जनरेटरच्या मधून. भिंतीला एक लोखंडी दार ठेवलं. हॉल झाडायचं काम सी विंगच्या बायकांना दिलं होतं, त्यांना जाता यावं म्हणून. त्या दाराची आणि हॉलच्या मागच्या जिन्याची एक किल्ली माझ्याकडे. पाळ्या मीच लावते ना.

वर्षाताईंना मी पसंत होते. "तू बाकीच्यांसारखी नाहीस गं," असं त्या मला म्हणायच्या. आम्ही एकाच वयाच्या असू. त्या मला अगं म्हणायच्या, मी त्यांना ताई. एकदा विचारलं, "तुझं आडनाव काय? आणि गाव?" मी आडनाव सांगितलं. गाव सांगायच्या आधीच त्यांची मान हलली. त्यांना हवं ते कळलं होतं.

आता पेट्यांचं.

नदीकाठी आमची एक रीत होती. वस्ती उतारावर होती. खालची घरं आधी बुडायची, वरच्या आळीत पाणी उशिरा यायचं. म्हणून पावसाच्या आधी, मे महिन्याच्या शेवटी, खालच्या घरातली पत्र्याची पेटी वरच्या आळीतल्या कोणाच्या तरी घरी ठेवायला द्यायची. लग्नातली साडी, पोरांचे दाखले, फोटो, असेल तर एखादा दागिना. ज्याच्याकडे पेटी, त्याच्याकडे पाणी आल्यावर माणसं. ते वेगळं विचारायचं नसतं. पेटी ठेवली की तुमची निजायची जागा ठरली. वरच्याने नाही म्हणायचं नाही आणि खालच्याने कुलूप लावायचं नाही. कुलूप लावलं म्हणजे तुम्ही त्याला चोर म्हणालात. माझ्या सासूने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पेट्या सांभाळल्या. एकीचं झाकण तिने कधी उचललं नाही. आत झुरळं शिरली असतील असं वाटलं तरी ती पेटीच्या मालकिणीला निरोप धाडायची. "ये बाई, तुझी पेटी बघून जा."

सगळ्यांना सी विंग मिळाली नाही. सर्व्हेच्या दिवशी ज्यांच्या घराला कुलूप होतं ते अपात्र. माझी नणंद सुमन अपात्र आहे. सर्व्हेवाले आले तेव्हा ती सरकारी दवाखान्यात होती, बाळंतीण. मुलगी झाली आणि गेली. नवरा तिच्याजवळ. घराला कुलूप. साहेबाने दारावर खडूने फुली मारली. सुमन रिकाम्या हाताने परत आली तेव्हा ती फुली पुसट पण झालेली नव्हती. अजून ती तिथेच राहते, तिच्यासारखी बरीच घरं तिथेच आहेत. आता वरची आळी राहिलेली नाही, तिथली माणसं सी विंगमध्ये आली. म्हणजे त्यांच्यासाठी वरचं घर कोणतं? आम्हीच. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

गेल्या वर्षी मेच्या शेवटी पेट्या आल्या. माझ्या खोलीत सुमनची आणि आणखी दोघींच्या पेट्या मावल्या नाहीत, म्हणून पॅसेजमध्ये भिंतीला लावून ठेवल्या. येणाजाणाऱ्याला वाट राहील अशा. प्रत्येक मजल्यावर तसंच.

वर्षाताईंनी मला खाली बोलावलं. भिंतीतल्या दारात उभ्या होत्या. दाराच्या पलीकडे त्या, अलीकडे मी.

"अगं, ते कसले डबे आणून ठेवलेत?"

मी समजावून सांगितलं. पेटी म्हणजे काय, पाणी आल्यावर काय होतं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे पावसात ते लोक इथे येणार?"

"थोडे दिवस, ताई. पाणी उतरलं की जातात."

"कुठून आलेले, काय आजार घेऊन आलेले. आमच्याकडे लहान मुलं आहेत."

"आमच्याकडेपण आहेत."

मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे बघ, तू समजूतदार आहेस. तू त्यांना सांग, या वर्षीपासून पाहुणे बंद. तुझं ऐकतील. मी तुला पुढच्या गेटचं कार्ड करून देते. तुला एकटीला. त्या कचऱ्यातून ये-जा करायला नको."

मी म्हटलं, "बघते." हा शब्द आम्ही नाही म्हणायला वापरतो. त्यांना तो हो वाटला असावा.

पुढच्या शनिवारी माझी पहिली पाळी होती. दुपारी परत आले तर मागच्या गेटला चिटपाखरू नाही. भिंतीतलं दार उघडं. पलीकडून आवाज येत होते. मी तशीच आत गेले.

बागेच्या कडेला, फरशीवर पेट्या ओळीने मांडल्या होत्या. सगळ्या. झाकणं उघडी. वॉचमनने वरून आणून ठेवल्या होत्या. तो बाजूला उभा होता, मान खाली. वर्षाताईंनी मास्क लावला होता, हातात निळे ग्लोव्ह. त्यांचे मिस्टर मोबाइलवर शूटिंग करत होते. ए आणि बी विंगचे लोक गॅलरीतून बघत होते. आमच्या विंगच्या बायका भिंतीला लागून उभ्या. सुमन पुढे होती. ती सकाळी पेटीत एक शाल ठेवायला आली होती. शाल अजून तिच्या हातात होती.

"एकालाही कुलूप नाही," वर्षाताईंचे मिस्टर म्हणत होते. "म्हणजे बघा. कोणाचं काय कोणाच्या डब्यात जातंय, पत्ता लागणार आहे का? आमच्या बिल्डिंगमधून दोन सायकली गेल्यात."

वर्षाताई पेट्यांतलं सामान बाहेर काढत होत्या. हाताने नाही. छत्रीने. छत्रीच्या टोकाने उचलायचं, वर धरून दाखवायचं, फरशीवर सोडायचं. कोणाचा लग्नातला शालू. कोणाचे दहावीचे कागद. पारूआत्याच्या भावाच्या पेटीतला एक बूट, पायाने अधू मुलाचा, पट्ट्यांचा. गॅलरीतून कोणीतरी विचारलं, "दुसरा कुठाय?" आणि हसलं.

मग सुमनची पेटी. छत्रीच्या टोकाला एक झबलं लटकलं. पिवळं, हातशिलाईचं, कधी कोणाच्या अंगात न गेलेलं.

"हे काय? बाहुलीचे कपडे?"

सुमन म्हणाली, "माझ्या पोरीचं आहे."

"मग पोरगी कुठाय?"

सुमनने हातातली शाल छातीशी धरली. वर्षाताईंनी वाट बघितली. उत्तर येत नाही म्हटल्यावर छत्री जरा हलवली, झबलं खाली पडावं म्हणून. ते पडेना. टोकाला अडकलं होतं. त्या छत्री झटकायला लागल्या. चप्पल नको तिथे भरली की आपण झटकतो तशी.

तेव्हा मला किळस आली.

खरी. पाण्यात फुगलेलं डुक्कर दारातून ओढून काढताना आली नव्हती अशी. मी त्या निळ्या ग्लोव्हकडे बघत होते. कारखान्यात तसलेच ग्लोव्ह मी रोज घालते. का, तर माझ्या हाताचा घाम गोळीला लागू नये. ती गोळी वर्षाताईंच्या जिभेवर जाते. इतकी वर्षं मी त्यांची काळजी ग्लोव्ह घालून घेतली. आणि त्यांनी ग्लोव्ह घातले ते आमच्या मेलेल्या पोरीचं झबलं उकरायला. संक्रांतीपासून मी माझ्याच कपाळाला हात लावून बघत होते, घाण कुठे आहे म्हणून. घाण माझ्यावर नव्हती. माझ्यासमोर उभी होती, इस्त्रीचा ड्रेस घालून.

मी पुढे गेले. छत्रीच्या टोकावरून झबलं काढलं. घडी केली. पेटीत ठेवलं, वर सुमनच्या हातातली शाल ठेवली, झाकण लावलं.

"अगं, तपासणी चालू आहे," वर्षाताई म्हणाल्या.

"झाली."

"हे सगळं इथून हलवायचं. आजच."

"हलवतोय," मी म्हणाले. मग मागे बघून बायकांना म्हणाले, "आपापलं भरा आणि उचला. दोघी-दोघी एका पेटीला. आधी जिन्याजवळची."

माझा आवाज कारखान्यातला झाला होता. बायका हलल्या. सामान भरायला लागल्या. पारूआत्याने तो बूट पदराने पुसला आणि पेटीत ठेवला. मग गॅलरीकडे बघून मोठ्याने म्हणाली, "दुसरा लागत न्हाई रं बाबा त्याला. त्याला पायच एक हाय. तुला दोन असून काय दिवे लावलेस?"

वर्षाताईंना वाटलं आम्ही मागच्या गेटकडे जाणार. मी हॉलच्या मागच्या जिन्याचं कुलूप काढलं.

त्या धावत आल्या. "हॉलमध्ये? हॉलमध्ये कशाला? हॉल प्रोग्रॅमसाठी आहे."

"हापण प्रोग्रॅमच आहे. दर वर्षी असतो."

"मी तुला पुढच्या गेटचं कार्ड देणार होते."

"ठेवा तुमच्याकडे."

"पोलीस बोलावीन मी."

"बोलवा. त्यांना पाटी वाचायला सांगा. सर्व रहिवाशांसाठी लिहिलंय."

"हे लोक रहिवासी नाहीत."

"पेटी माझी पाहुणी आहे. मी रहिवासी आहे."

पोलीस खरंच आले. एक हवालदार. त्याने पेट्या बघितल्या, पाटी बघितली, वर्षाताईंच्या मिस्टरांचा व्हिडिओपण बघितला. म्हणाला, "मॅडम, पेट्या तर मालकांच्याच आहेत ना? त्या उघडायची परवानगी कोणाची घेतली होती?" मिस्टरांनी मोबाइल खिशात घातला. तो चहा न पिता गेला. न्याय झाला असं मी म्हणत नाही. त्याला दुसरीकडे जायचं होतं एवढंच.

पेट्या हॉलच्या भिंतीला लागून राहिल्या. सुमनने जाताना विचारलं, "वहिनी, कुलूप लावू का आता?" मी म्हटलं, नको. लावायचं नाही. त्यांनी उघडली म्हणून आपण आपली रीत सोडायची नाही.

जुलैत पाणी आलं. भर दुपारी. वरती धरणाच्या बाजूला पाऊस होता आणि भरतीची वेळ. वस्तीतली माणसं मागच्या जिन्याने वर आली, पोरं कडेवर, चिंब. मी जागा वाटायला कागद घेऊन उभी होते. कागदाची गरज पडली नाही. प्रत्येकजण थेट आपल्या पेटीपाशी गेला आणि बसला. कोण कुठे, हे मेमध्येच ठरलं होतं. मी सी विंगच्या संडासांच्या पाळ्यांत त्यांची नावं घातली. त्यांनीही घासले, आम्हीही घासले. कोणीच तक्रार केली नाही. अपात्र माणसं पात्र माणसांच्या संडासात गेली आणि काही कोसळलं नाही.

पाणी उतरायला लागलं तेव्हा वर्षाताई आल्या. पुढच्या जिन्याने. बरोबर फोटोग्राफर, बॅनर, बिस्किटांचे खोके. बॅनरवर लिहिलं होतं, सोसायटीतर्फे पूरग्रस्तांना मदतीचा हात. हातावर निळे ग्लोव्ह. फोटोग्राफरला सांगत होत्या, "आम्ही आमचा हॉल उघडून दिला. माणुसकी म्हणून."

मी ऐकत होते. माझ्या कमरेला मागच्या जिन्याच्या कुलपाची किल्ली होती.

त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. पहिली मी. का मी, तर मी त्यांच्या ओळखीची, आणि माझी साडी कोरडी होती. "जरा हसा," फोटोग्राफर म्हणाला. मी हात पुढे केला. वर्षाताईंनी पुडा माझ्या हाताच्या वर धरला. चांगला वीतभर वर. बोट बोटाला लागू नये म्हणून. आणि वरूनच सोडला.

मी हात मागे घेतला.

पुडा फरशीवर पडला. आवाज झाला. मी उचलला नाही. त्यांनी उचलला नाही. फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, परत एकदा घेऊ." त्यांनी दुसरा पुडा काढला. मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले.

"घे गं. तुमच्यासाठीच तर करतोय."

"हातात द्या."

"हातातच देतेय."

"ग्लोव्ह काढा. हातात द्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. असं पहिल्यांदाच बघितलं असेल. मग हसल्या, फोटोग्राफरकडे वळल्या, म्हणाल्या, "स्ट्रेसमध्ये आहेत बिचारे." पुढच्या माणसाकडे गेल्या. माझ्यामागे सुमन होती. तिनेही हात मागे बांधले. तिच्या मागच्या काहींनी घेतले पुडे. पारूआत्याने घेतला. तिला मी दोष देत नाही. नवरा वर भुकेला होता आणि बिस्किटाला वर चढायला पाय नसतात, असं तीच नंतर मला म्हणाली. पण तो फरशीवरचा पुडा तसाच राहिला. लोक त्याला वळसा घालून जात होते. दुसऱ्या दिवशी हॉल झाडायची पाळी माझीच होती. मी पुड्याच्या भोवतीने झाडलं.

सगळे गेल्यावर त्यांनी हॉलमध्ये औषध फवारून घेतलं. दोनदा. खिडक्यांच्या गजांवरसुद्धा.

यंदाच्या संक्रांतीला परत बोलावणं आलं. मी गेले नाही. पारूआत्या गेली. आल्यावर तिला विचारलं, बोट का काडी? ती म्हणाली, "काडीच. पण ह्या वर्षी वाणात नॅपकिन हाय." मी तिला म्हटलं, पुढच्या वर्षी तूपण जाऊ नकोस. ती म्हणाली, "तू म्हणशील तसं. नॅपकिन पातळच हाय."

आता मे संपत आलाय. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव झाला आहे. आम्हाला मीटिंगला बोलावलं नव्हतं. हॉलच्या मागच्या जिन्याला नवं कुलूप लागलं, त्याची किल्ली माझ्याकडे नाही. भिंतीतल्या दारापाशी विटा आणून टाकल्या आहेत, ते दार बुजवणार आहेत. हॉल झाडायला बाहेरून माणूस लावला. वर्षाताई परवा मागच्या गेटवर गाडीतून काच खाली करून म्हणाल्या, "आता कसं, सगळं शिस्तीत झालं." काच वर गेली.

शिस्त मला आवडते. म्हणून मी काल वस्तीत जाऊन आले. घरोघर सांगून आले. या रविवारी, सकाळी, सगळ्यांनी एकदम यायचं. टेम्पो ठरला आहे. कोण कोणाबरोबर उचलणार ते ठरलं आहे. सी विंगच्या बायका आधीच खाली उतरून थांबतील, कारखान्यातल्या चार-पाच जणींनीही येते म्हणून सांगितलंय.

सुमनने विचारलं, "वहिनी, हॉल तर बंद आहे. पेट्या ठेवायच्या कुठं?"

"ए विंगच्या लॉबीत," मी म्हटलं. "लिफ्टच्या समोर. पुढच्या गेटने आत न्यायच्या. हॉल उघडला की हॉलमध्ये हलवू. तोपर्यंत तिथेच."

"पेट्या परत उघडतील."

"कुलूप लावू नकोस."

ती आत गेली, पेटीवरचा पंखा खाली काढून ठेवला आणि पेटी दारापाशी ओढून आणली.

वर्षाताई येतील, हे मला माहीत आहे. मास्क लावून, छत्री घेऊन येतील. मी सुमनच्या पेटीशेजारी उभी असेन. पिवळ्या झबल्याकडे जो हात जाईल तो मी मनगटाला धरणार आहे. माझ्या उघड्या हाताने. आणि सोडणार नाही.